तांदूळ आणून देतात

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

सकाळी पार्किंगमध्ये सोसायटीची बैठक झाली. विषय पाण्याच्या टाकीचा होता. टाकी पाच मिनिटांत संपली आणि तासभर सहलीवर गेला. दर डिसेंबरात सगळ्यांनी मिळून कुठेतरी जायचं असं गेल्या वर्षीच ठरलंय. शौनकने मोबाईल काढला. हा आमच्या समोरच्या दारातल्या देवस्थळी काकांचा मुलगा, हिंजवडीला नोकरीला असतो.

"एकदम छोटं गाव आहे, भोरच्या पुढे डोंगरात. तीसेक घरं. इको-टुरिझम. गाडी खिंडीत सोडायची, पुढे चालत. प्लास्टिक नाही, स्पीकर नाही. गावातल्यांच्याच घरी राहायचं, ते खातात तेच खायचं. देवराई आहे, शेकरू दिसतं."

मोबाईल हातोहात फिरत माझ्याकडे आला. चित्रात ओसरी होती, सारवलेला कट्टा, वर पितळी तांब्या. भिंतीला आता गेरू लावलाय आणि पांढरी नक्षी काढलीय, पण दाराशेजारच्या खांबाचा तो बाक दुसऱ्या कुठल्या घराला असणार? करंजखिंड. माझं घर.

"छान दिसतंय," एवढं म्हणून मी मोबाईल पुढे दिला.

काका म्हणाले, "भोरच्या पुढे म्हणजे तुमच्याच बाजूला की हो, रंगराव."

"हो, त्या अंगाला असेल."

'असेल' म्हणालो.

"मग तुम्हीच ठरवा सगळं. एरवी नुसत्या नोटिसा लावता, एकदा काहीतरी बरं लावा फळ्यावर."

सगळे हसले. मीही हसलो. पुण्यात अठ्ठावीस वर्षं मी 'भोरचा' आहे. खोटं नाही. तालुका भोरच.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सकाळचा जप झाल्यावर हे लिहितोय. देवासमोर बसून जे मनात आलं ते निदान वहीत तरी यावं.

सहा वर्षांपूर्वीचा जानेवारी. लिफ्ट बंद होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ सोनबा, आंबेमोहोराचं पोतं खांद्यावर घेऊन जिना चढत होता. मी मागे, हातात त्याची पिशवी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर देवस्थळी काका उतरत होते. त्यांनी सहज विचारलं, "हे कोण?"

दादाने पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला होता. टाचा फुटलेल्या. घाम मानेवरून पोत्यात मुरत होता. मी त्याच महिन्यात सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो. हे कारण म्हणून लिहीत नाही. तेव्हा डोक्यात काय होतं ते लिहितोय.

"आमच्याकडे तांदूळ आणून देतात," मी म्हणालो.

'देतो' म्हणालो नाही, 'देतात' म्हणालो. तेवढा मान ठेवला.

काका म्हणाले, "वा, काय वास येतोय! आम्हालाही द्या की."

दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "देऊ की, साहेब."

वर आला, पोतं उतरवलं, पाणी प्यायला. माझ्या बायकोने, श्यामलाने, ताट वाढायला घेतलं होतं. गाडी चुकेल म्हणून निघून गेला. गाडीला तीन तास होते.

वडील गेले तेव्हा मी दुसरीत होतो. दादाची शाळा त्या वर्षी सुटली, माझी सुटली नाही. हे श्यामलाला माहीत आहे, देवाला माहीत आहे. पुण्यात आणखी कोणाला नाही.

त्यानंतर तो वर कधी आला नाही. पण दर जानेवारीत फाटकावर दोन पोती येतात. एकावर कोळशाने लिहिलेलं असतं, 'देवस्थळी साहेब'. कधी जीपवाला आणतो, कधी तो स्वतः. काका खाली जाऊन पैसे देतात, पोतं घेतात. मी गॅलरीत कपडे वाळत घालत असतो. गावाला गेलो नाही. पहिल्या दिवाळीला फोन केला होता, पुढच्या दिवाळीला तोही नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसमधून, शाळेच्या फोनवरून, गावाच्या पर्यटन समितीचा नंबर लावला. माझ्या मोबाईलवरून लावला नाही. सदाशिव पेठेतल्या या शाळेत बावीस वर्षं कारकुनी करतोय, खाजगी फोन असा हा पहिलाच.

"नमस्कार, करंजखिंड पर्यटन समिती, पूर्वा बोलते."

दादाची मुलगी. मी पाहिली तेव्हा दहावीत होती, दोन वेण्या घालायची. आता 'समिती' म्हणते.

मी आवाज जरा जड केला. कोथरूडची सोसायटी आहे, वीस-एकवीस डिसेंबर, शनिवार-रविवार, जागा आहे का विचारलं. आहे म्हणाली. काय न्यायचं, काय नाही, सगळं नीट सांगितलं. मग म्हणाली, "बुकिंगला नाव काय लिहू?"

माझ्या तोंडून निघालं, "अवधूत देवस्थळी."

ती थोडी थांबली. लिहीत असेल. "बरं. कोथरूड ना? फोन नंबर?"

"मीच करीन फोन."

"चालेल," ती म्हणाली. "तुम्हीच करा."

फोन पटकन ठेवून दिला. पण ओळखलं नाही. सहा वर्षांत माणूस काकाचा आवाज विसरतो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

देवस्थळी काकांना सांगितलं की ज्येष्ठ म्हणून बुकिंग तुमच्या नावे केलंय. फार खूश झाले. संध्याकाळी काजूकतली पाठवली. श्यामलाने डबा उघडून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "घ्या. कमावलीत."

मंगळवार, २५ नोव्हेंबर

दुसरा फोन. पूर्वा म्हणाली, "तात्यांनी विचारायला सांगितलंय, देवस्थळी साहेबांना भात मऊ लागतो की मोकळा? त्यांच्याकडे आपलाच तांदूळ जातो ना."

तात्या म्हणजे दादा. पोत्यावरचं नाव! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग विचार केला की हेच बरं झालं. त्यांना वाटतंय काकांनीच हे गाव शोधून काढलं. तांदळाची ओळख होती, म्हणून.

"मऊ," मी म्हणालो.

"आणि सुरण करू ना? इथला सुरण चांगला असतो. पण कोणाकोणाच्या घशाला खाजतो, म्हणून विचारते."

"नको. सुरण नको."

"मला वाटलंच," ती म्हणाली.

लोकांची फार काळजी घेतात. दादाच्या घरी पाहुण्याला कधी काही कमी पडलं नाही. सुरण सोसत नाही तो मला; करा, खाणारे खातील, असं म्हणायला हवं होतं. पण मग कोणाला सोसत नाही ते सांगावं लागलं असतं.

सोमवार, १ डिसेंबर, एकादशी

वनखात्याच्या नाक्यावर द्यायला नावांची यादी हवी होती. फोनवरून एकेक सांगितली. आम्ही जाणारे चौदा. मी तेरा सांगितली.

असं ठरवलंय: आदल्या दिवशी मला ताप येईल. श्यामला जाईल, ती सगळ्यांना सांभाळील. तिला तिथे ओळखतील, पण ती वहिनीशी बोलून निभावून नेईल. मी घरी पडून राहीन. एकादशीच्या दिवशी हे ठरवतोय, तेही उपाशीपोटी.

पूर्वाने यादी वाचून दाखवली आणि म्हणाली, "तात्या चौदा ताटं धरा म्हणतायत."

"तेराच आहेत."

"असू दे. आमच्याकडे एक जास्तच धरतात."

अशी रीत मला आठवत नाही. नवीन काढली असेल समितीने.

बुधवार, ३ डिसेंबर

श्यामलाला तापाचा बेत सांगितला. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही.

"मी एकटी जाऊन काय सांगू तिथे? आमच्याकडे तांदूळ आणून देतात त्यांच्या घरी आलेय म्हणून?"

मी ताटं मांडायला घेतली.

थोड्या वेळाने म्हणाली, "वहिनींचे गुडघे धरलेत. चौदा माणसांचा स्वयंपाक म्हणजे काही कमी नाही."

गुडघ्यांचं हिला कसं कळलं कोण जाणे. वय झालं की सगळ्यांचेच धरतात, अंदाजाने म्हणाली असेल.

शनिवार, ६ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

शेवटचा म्हणून फोन केला. गाडी किती वाजता पोचेल ते सांगितलं. पूर्वा म्हणाली, "देवराईत जायचं तर आमचा एक नेम आहे. तुम्हाला सांगून ठेवते."

मला माहीत होता. विसरलो कसा तेच कळत नाही. खिंडजाईच्या राईत परका माणूस आपला आपण शिरत नाही. बाहेर दगडी उंबरा आहे. जो कोणी मंडळी घेऊन येतो त्याने अनवाणी उंबऱ्यावर उभं राहायचं, आपलं नाव, बापाचं नाव, गाव मोठ्याने सांगायचं आणि म्हणायचं, "ही माणसं माझी. यांचं चुकलं तर माझं चुकलं." राईतली काटकी कोणी मोडली तर तो दोष त्याच्या माथी. लहानपणी वडिलांना म्हणताना ऐकलंय. वडिलांनंतर दादाला.

"घेऊन येणाऱ्यानेच म्हणायचं असतं," पूर्वा म्हणाली. "देवस्थळी साहेब म्हणतील ना?"

"त्यांचं वय झालंय. तिथवर चालवणार नाही."

"मग जो घेऊन येतोय त्याने म्हणावं."

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिलो. मग तिनेच विचारलं, "काय सांगू तात्यांना?"

"कळवतो," म्हणून ठेवून दिला.

घरी आलो तर हा नेम काकांना आधीच माहीत. शौनकने त्या गावाच्या पानावर वाचून दाखवला होता. पार्किंगमध्ये चपला काढून उभे होते आणि वॉचमनसमोर सराव करत होते. "मी अवधूत, गणेशपंतांचा मुलगा, राहणार पुणे. ही माणसं माझी. यांचं चुकलं तर माझं चुकलं." मला बघून म्हणाले, "जमतंय का हो, रंगराव? भाषणाची सवय गेली. पण वाक्य काय आहे बघा! आपल्या सोसायटीत एकाने तरी असं म्हटलंय का कधी?"

शहात्तर वर्षांचा माणूस. त्याला मी खिंडजाईपुढे खोटं बोलायला उभं करतोय. माणसं त्यांची नाहीत, आणणारा मी आहे, आणि मी घरी तापाने पडलेला असणार.

माणसांशी खोटं बोलून आजवर निभावलं. तिथे कसं निभावणार?

मंगळवार, ९ डिसेंबर

तीन दिवस जप होत नाही. माळ हातात घेतो आणि मणी नुसते सरकतात.

गुरुवार, ११ डिसेंबर

शाळेतून आल्यावर स्कूटर लावली आणि घरी न जाता थेट काकांची बेल वाजवली. ते पेपरातलं शब्दकोडं सोडवत होते. उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगून झालं नसतं.

"काका, करंजखिंड माझं गाव आहे. तुम्हाला तांदूळ आणून देतो तो माझा सख्खा भाऊ."

काकांनी चष्मा काढला. "पुन्हा सांगा."

पुन्हा सांगितलं, जिन्यापासून शाळेच्या फोनपर्यंत सगळं. दुसऱ्यांदा जास्त अवघड गेलं.

"म्हणजे सहा वर्षं मी तुमच्या भावाला फाटकात उभं करून पैसे देत होतो."

"हो."

"गेल्या खेपेला मी त्यांना म्हणालो, पोत्यात या वेळी कणी फार दिसते. ते म्हणाले, पुढच्या वेळी निवडून आणतो, साहेब."

हे मला माहीत नव्हतं.

"आणि तुम्ही वरून बघत होतात?"

"हो."

काकांनी कोड्याचा पेपर घडी घालून बाजूला ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं. मग म्हणाले, "मला एक सांगा. त्या दिवशी जिन्यात तुम्ही 'माझा भाऊ' म्हणाला असतात, तर मी काय केलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

सहा वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला एकदाही विचारला नव्हता. काका तेव्हा काहीतरी वाईट करतील, निदान मनात हसतील, असं मी धरूनच चाललो होतो. त्यांनी काय केलं असतं? चहाला आत बोलावलं असतं. तांदूळ मात्र तरीही मागितला असता.

"इतका वाईट वाटलो मी तुम्हाला," काका म्हणाले. "बरं आहे. कळलं."

"चुकलो, काका."

"ते मला सांगून काय उपयोग? मी काय तुमचा भाऊ आहे? तिकडे फोन करा. आणि आता स्वतःच्या मोबाईलवरून करा, शाळेच्या बिलावर नको."

मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, "देवीपुढचं ते वाक्य तुमचं तुम्ही पाठ करा. मी रद्द."

शुक्रवार, १२ डिसेंबर

सकाळी अंघोळ करून फोन लावला. पूर्वानेच उचलला.

"पूर्वा, मी रंगाकाका बोलतोय."

"माहितीये, काका. पहिल्या दिवशी आवाजावरूनच ओळखलं. आणि देवस्थळी साहेबांचं नाव सांगून सुरण नको म्हणणारा माणूस दुसरा कोण असणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलणार होते. तात्या म्हणाले, राहू दे, त्याचा तो बोलेल. रोज विचारायचे, आला का फोन, काय म्हणाला."

म्हणजे चौदावं ताट माझं होतं. श्यामला ओट्याजवळ उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून कळलं की हे सगळं तिलाही ठाऊक होतं. ती दर महिन्याला वहिनीशी बोलते. सहा वर्षं. मला कधी सांगितलं नाही, कारण मी कधी विचारलं नाही.

मग दादा फोनवर आला. "हं."

"दादा, आम्ही येतोय वीस तारखेला."

"वीसला पावणं येत्यात. घरची मानसं आदल्या दिशी येत्यात. पानी भरायचं हाय, चुली मांडायच्यात."

"आदल्या दिवशी येतो."

"शामलाला आन."

"दादा—"

"म्हशी सुटल्यात," तो म्हणाला आणि फोन ठेवला. फोनमध्ये तर काही म्हशी ऐकू आल्या नाहीत.

शुक्रवार, १९ डिसेंबर, करंजखिंड

सकाळच्या एसटीने निघालो. उरलेली बारा जणं उद्या शौनकबरोबर येतील. खिंडीपासून चालत आलो. गावाच्या तोंडाशी समितीची पाटी आहे, 'पाहुण्यांनी आपला कचरा आपल्यासोबत न्यावा.' पाहुणा म्हणून वाचली नाही, पण घरचा म्हणूनही वाचता आली नाही.

द्वारका वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी वाकून पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आलात का भावजी? या. नाव काय लिहू?"

श्यामला आणि पूर्वा दोघी तोंडाला पदर-ओढणी लावून हसल्या. मला वाटलं जमिनीत शिरावं. पण वहिनी हसतच राहिली, शेवटी डोळे पुसत म्हणाली, "बसा. ताक देते."

दादा परसात होता. थकलाय. माझ्याकडे पाहून "आलास" म्हणाला आणि हंडा माझ्या हातात दिला. दुपारभर दोघांनी झऱ्यावरून पाणी आणलं, पेंढा पसरला, वर घोंगड्या टाकल्या. कामाशिवाय शब्द नाही. मी दोनदा बोलायला गेलो. एकदा म्हणाला, "हंडा तिरका धरलायस." दुसऱ्यांदा म्हणाला, "तो धोंडा सरकव."

ऊन उतरताना चुलीचे दगड लावायला बसलो, तेव्हा मी थांबलो नाही. "दादा, त्या दिवशी जिन्यात मी जे बोललो..."

तो दगड बसवत राहिला. चिखलाचा गोळा करून फटीत दाबला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुजं मला तवाच कळलं हुतं. शेरात ऱ्हातोस, तुजी काय अडचन असंल. घरी येईस्तवर तुला माफ करून बसलो हुतो."

"मग वर का आला नाहीस कधी?"

"माजं कळत न्हवतं ना." त्याने हात पुसले. "तू बोललास ते बोललास. पन मी 'देऊ की, साहेब' म्हनलो. कशाला म्हनलो? आईनं तुला माज्या हातात दिला हुता. मी तितंच म्हनायचं, अवो, ह्यो माजा भाऊ हाय. तेवढं मला म्हनवलं न्हाई. भ्यालो. तुजी लाज जाईल म्हनून भ्यालो, का माजीच, ते आजून कळंना. मंग वर कोनत्या तोंडानं येऊ? पोती पाठवत ऱ्हायलो."

मला वाटत होतं, तो माझ्यावर रुसलाय. सहा वर्षं तो फाटकाशी उभा राहायचा आणि मी गॅलरीत. दोघंही एकाच गोष्टीने खाली मान घालून. मी त्याला परका म्हणालो तेवढ्यावर भागलं नव्हतं, मी त्यालाही ते म्हणायला लावलं होतं. आणि हे तो आज मला सांगतोय ते चूक त्याची असल्यासारखं.

मला रडू आलं. त्याने मला रडू दिलं, समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "चिखल वाळतोय. दाब तिकडनं."

दाबला.

उद्या अकरा वाजता गाडी खिंडीत येईल. देवीपुढे मंडळींचं मी सांगायचं, हे न बोलताच ठरलंय. त्याचीही मला धास्ती आहे, पण तिथे निदान खरं बोलायचंय. आत्ता मला काळजी आहे ती त्याच्या आधीची: गाडीतून देवस्थळी काका उतरतील, दादाला बघतील, आणि तेव्हा कोणीतरी काहीतरी बोलावं लागेल.

दादाला विचारलं, सामोरं कोण जाणार?

तो पायावर पाणी घेत होता. म्हणाला, "दोघं जाऊ."